बुऱ्हाणपूर : सेवेचे तास आणि पहिली नोकरी

तापीच्या उत्तर तीरावरचे बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले, तरी ती खानदेशाची जुनी राजधानी आहे. फारुकी सुलतानांनी शहर वसवले आणि सूफी संत शेख बुऱ्हानुद्दीन यांचे नाव त्याला दिले. १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती पडला आणि हे शहर मोगलांचे दक्षिणेतले मोठे ठाणे झाले. मुमताज महल १६३१ मध्ये इथेच वारली. जामा मशिदीत अरबीच्या जोडीला संस्कृत शिलालेखही आहे. पूर्व निमाडमधून वेगळा होऊन २००३ मध्ये हा जिल्हा झाला. शेजारीच महाराष्ट्रातला रावेर तालुका लागत असल्याने इथल्या बाजारात मराठी सहज कानावर पडते.

शहराचे खरे वैभव जमिनीखाली आहे. अब्दुर्रहीम खानखानांच्या काळात, १६१५च्या सुमारास कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्यातून झिरपणारे पाणी अडवायचे, भुयारांतून उताराने शहराकडे आणायचे आणि हवा-उजेडासाठी वर ओळीने कुंड्या ठेवायच्या, अशी ही रचना आहे. पाणी आजही वाहते. मार्च २०२४ मध्ये हे स्थळ युनेस्कोच्या संभाव्य यादीत आले. पाण्याचीच दुसरी कामगिरी अलीकडची. जुलै २०२२ मध्ये बुऱ्हाणपूर हा देशातला पहिला प्रमाणित ‘हर घर जल’ जिल्हा ठरला. जिल्ह्यातल्या २५४ गावांतल्या लाखभर घरांत नळ पोहोचले आणि योजना चालवण्याची जबाबदारी गावोगावच्या पाणी समित्यांवर आली.

रोजगाराची बाजू यंत्रमाग, केळी आणि व्यापार यांनी सांभाळली आहे. अशा शहरात पोराला काम लागते ते बहुधा ओळखीने. दुकानदार विचारतो, ‘कुणाचा मुलगा?’ आणि उत्तरावर काम ठरते. ज्याच्या घरात माग नाही, दुकान नाही, त्याचे इथेच अडते. इंदूर-पुण्याच्या कंपनीचा अर्ज तर आणखी वेगळा. त्यात अनेकदा दोन संदर्भ व्यक्तींची नावे मागतात आणि ‘नातेवाईक नसावेत’ अशी अट असते. पूर्वी कुठे नोकरीच केली नसेल, तर नाव द्यायचे कोणाचे?

याचे भक्कम उत्तर स्वयंसेवी कामात आहे. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तिच्या स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करायचे असते. शिवाय सात दिवसांचे विशेष शिबिर. ही नोंद कार्यक्रम अधिकाऱ्याकडे असते, म्हणून तो अधिकारी उत्तम संदर्भ ठरतो. पाणी समितीबरोबर काम केलेल्या मुलीचे उदाहरण घ्यावे. चाचणी संचाने पाण्याचा नमुना तपासणे, क्लोरीन-फ्लोराइडचे आकडे वहीत चढवणे आणि दोष आढळला तर वर कळवणे, हे तिने केलेले असते. प्रयोगशाळा किंवा दवाखान्यातल्या नोकरीला याहून जवळचा अनुभव शोधावा लागेल. गणेशोत्सवात वर्गणीच्या पावत्या फाडून हिशेब जुळवणारा मुलगाही रोकड सांभाळायला शिकलेला असतो.

अडचण येते ती कागदावर. ‘सक्रिय सहभागाबद्दल अभिनंदन’ असे छापील प्रमाणपत्र भिंतीवर शोभते. नोकरी देणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. त्याला हवे असते ते साधे पत्र : कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आठवड्याला किती तास, नेमके कोणते काम, कोणाच्या देखरेखीखाली. एखादा प्रसंगही असावा, उदाहरणार्थ भोजनाच्या पंगतीत गर्दी वाढल्यावर कूपनांची रांग या मुलाने कशी लावली. पत्र संस्थेच्या लेटरहेडवर असावे, खाली पदाधिकाऱ्याची सही, पद आणि फोन असावा; तो पदाधिकारी काका-मामा नसावा. ज्याचे नाव अर्जात द्यायचे त्याला आधी विचारणे आणि कोणत्या जागेसाठी अर्ज केला ते कळवणे, हा शिष्टाचार आहे. नाहीतर फोन आल्यावर समोरचा गोंधळतो आणि उमेदवाराचे नुकसान होते. हे काम अर्जात ‘स्वयंसेवी’ म्हणूनच लिहावे. त्याला पगारी नोकरीचा मुलामा दिला, तर पहिल्याच चौकशीत ते उघडे पडते आणि खरे कामही संशयात जाते.

असे पत्र मराठी मंडळांनाही देता येईल. त्यांच्या संमेलनांत नोंदणीच्या टेबलापासून पाहुण्यांच्या निवासापर्यंतची धावपळ बहुतेक अठरा-वीस वर्षांची मुलेच करतात. समारोपात त्यांना गुलाबाचे फूल मिळते. मंडळांच्या कार्यकारिणीने फुलाबरोबर प्रत्येकाच्या हाती त्याच्या कामाचे, तासांचे आणि जबाबदारीचे सहीनिशी पत्रही द्यावे, आणि चौकशीचा फोन आला की तो उचलावा.