मुलांची सुरक्षितता आणि शाळेचा हजेरीपट

मुलांच्या सुरक्षिततेचा विषय निघाला म्हणजे शाळेची भिंत, फाटक व कुलूप यांचाच विचार प्रथम मनात येतो. ही साधने आवश्यक आहेत. परंतु खेड्यातील मुलावर येणारे संकट पुष्कळदा भिंतीबाहेरचे असते. ते वाटेवरील नाल्यात असते, परमुलखातील उसाच्या फडावर असते आणि कित्येकदा परिचित माणसाच्या घरातही असते. मूल कोठे आहे, कोणाजवळ आहे व कोणत्या स्थितीत आहे, हे रोज एकदा तरी जबाबदार माणसाने जाणून घेणे, हे त्याचे पहिले संरक्षण होय. त्यासाठी लागणारे साधन प्रत्येक शाळेत आहे. ते म्हणजे हजेरीपट.

(१) जिल्ह्याची परिस्थिती

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याच्या सहा तालुक्यांपैकी अक्राणी व अक्कलकुवा हे बव्हंशी सातपुड्याच्या डोंगरात वसलेले आहेत. तेथे दूरदूर विखुरलेले अनेक पाडे मिळून एक गाव होते. मुले डोंगर उतरून व नाले ओलांडून शाळेत येतात. सरदार सरोवराचे पाणी पोहोचलेल्या नर्मदाकाठच्या गावांत अनेक ठिकाणी होडीनेच जाणेयेणे करावे लागते. दिवाळीनंतर पुष्कळ कुटुंबे ऊसतोडणीसाठी व अन्य मजुरीसाठी गुजरातेत जातात. त्यांतील बरीचशी होळीच्या सुमारास परततात. काही मुले आईबापांबरोबर जातात, काही आजीआजोबांजवळ मागे राहतात. दोन्ही प्रकारच्या मुलांवरची देखरेख या काळात कमी होते, ही गोष्ट शिक्षकाने ध्यानात ठेवावी.

(२) गैरहजेरीचे कारण शोधणे

हजेरी सकाळी व मधल्या सुट्टीनंतर, अशी दोनदा घ्यावी. गैरहजेरीची खूण केल्याने शिक्षकाचे काम संपत नाही, तेथून ते सुरू होते. ‘आज अमका का आला नाही?’ हा प्रश्न त्याच दिवशी विचारला गेला पाहिजे. ह्यासाठी प्रत्येक पाड्याचा एक सोबतगट करावा. त्या पाड्यातील मुलांनी एकत्र यावे व एकत्र परतावे. गटातील मोठ्या मुलाने प्रार्थनेच्या वेळी कोण आले नाही व का आले नाही, हे सांगावे. जेथे कारण कळत नाही, तेथे त्याच दिवशी अंगणवाडीसेविकेमार्फत निरोप पाठवावा किंवा स्वतः घरी जावे.

कुटुंब कामासाठी बाहेर गेले असल्यास गावाचे नाव, जाण्याची तारीख, मुकादमाचे नाव व संपर्काचा दूरध्वनी क्रमांक यांची नोंद करावी. मूल बरोबर जात असल्यास त्याला शिक्षण हमी पत्रक द्यावे, म्हणजे नव्या ठिकाणच्या शाळेत बसणे सुलभ होते. मूल मागे राहत असल्यास त्याचा सांभाळ कोण करणार, हे पालकांकडून निघण्यापूर्वीच नावानिशी विचारून घ्यावे. ‘घरचे आहेत’ एवढे उत्तर पुरेसे मानू नये.

वरच्या वर्गातील मुलगी एकाएकी येईनाशी झाल्यास अधिक तत्परतेने चौकशी करावी. तिचे लग्न ठरले असण्याचा संभव असतो. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानुसार वधूचे वय १८ व वराचे २१ वर्षे पूर्ण असले पाहिजे. लग्न होण्यापूर्वी कळविलेल्या वार्तेने मुलीचे शिक्षण वाचते. नंतरच्या हळहळीने काहीच साधत नाही.

(३) पाणी आणि वाट

१५ जानेवारी २०१९ रोजी, मकरसंक्रांतीच्या दिवशी, धडगाव तालुक्यात भूषा गावाजवळ नर्मदेच्या पात्रात क्षमतेपेक्षा अधिक माणसे बसलेली होडी उलटली व मुलांसह काही जणांचा मृत्यू झाला. दिवस सणाचा होता आणि मुले आपल्या माणसांबरोबर होती. मोठी माणसे जवळ असली म्हणजे धोका टळला, असे समजणे किती चुकीचे आहे, ते ह्या घटनेवरून दिसते. होडीत किती माणसे बसावयाची, हे आधी ठरविणे व ती संख्या भरताच उरलेल्यांनी दुसऱ्या खेपेची वाट पाहणे, हा नियम मुलांच्या मनावर गणिताच्या तासालाच बिंबविता येईल. नाल्याला पूर असता तो उतरेपर्यंत मुलांना शाळेतच थांबवून घ्यावे. उशीर झाल्याबद्दल कोणत्याही मुलाला शिक्षा करू नये. शिक्षेच्या भीतीने मूल भरल्या नाल्यात पाय घालते.

(४) मुलाला सांगता आले पाहिजे

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील शाळेत लहान बालिकांवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आल्यावर राज्यशासनाने शाळांतील सुरक्षेविषयी सूचना दिल्या. त्यांत कर्मचाऱ्यांच्या पूर्वचारित्र्याची पडताळणी, तक्रारपेटी व सखी सावित्री समिती यांचा समावेश आहे. ह्या सूचनांचे पालन झालेच पाहिजे. परंतु पहिलीतील मुलाला लिहिता येत नाही, तेव्हा तक्रारपेटी त्याच्या उपयोगाची नाही. शिवाय ह्या जिल्ह्यातील अनेक मुलांची घरची भाषा भिली, पावरी, मावची किंवा अहिराणी आहे. भ्यालेले मूल आपले दुःख शाळेत नुकत्याच शिकलेल्या भाषेत सांगू शकत नाही. ते आईच्या भाषेतच बोलते. म्हणून मुलांची भाषा जाणणारी व त्यांना जवळची वाटणारी एक स्त्री समितीत असावी आणि तिची ओळख सर्व मुलांना करून द्यावी. बाहेरून आलेल्या शिक्षकाने ‘दुखते’, ‘भीती वाटते’, ‘मला नको’ इतके शब्द तरी मुलांच्या बोलीत शिकून घ्यावेत.

ज्या वर्गात छडी चालते, त्या वर्गात मूल मन उघडे करीत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे. त्या कलमाचा हा एक मोठा लाभ होय.

(५) मुलाने सांगितल्यावर

मूल सांगू लागले तर शांतपणे ऐकावे, ‘तू सांगितलेस हे चांगले केलेस’ एवढे म्हणावे, आणि पुन्हापुन्हा विचारू नये. चारचौघांत त्याला बोलते करू नये. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार, १८ वर्षांखालील बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास पोलिसांना खबर देणे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. ती न देणे हा गुन्हा आहे. शाळेची अब्रू किंवा गावातील सलोखा ही सबब चालत नाही. पंचांसमोर दंड घेऊन असे प्रकरण मिटविता येत नाही. बालकाचे नाव कोठेही प्रकट करू नये. जबाब घेणारा अधिकारी गणवेशात नसावा, असेही कायदा सांगतो. हे पालकांना समजावून दिल्यास त्यांची भीती कमी होते. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक प्रत्येक मुलाला तोंडपाठ असावा.

(६) पालकसभा

वर्षातून दोन सभा अवश्य घ्याव्यात: एक दिवाळीपूर्वी, कुटुंबे बाहेर जाण्याआधी, व दुसरी होळीनंतर. शक्य तर त्या पाड्यावर सायंकाळी व तेथील बोलीत घ्याव्यात. पहिल्या सभेत मुलाचा सांभाळ कोण करणार, हे ठरवावे. दुसऱ्या सभेत परतलेल्या प्रत्येक मुलाची प्रकृती, अभ्यास व मनःस्थिती यांची विचारपूस करावी. परतलेले मूल पूर्वीसारखे बोलत नसेल, तर पालक व शिक्षक यांनी मिळून त्याचे कारण शोधावे.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत विचारार्थ प्रश्न

(अ) गेल्या महिन्यात कारण न कळलेल्या गैरहजेऱ्या किती होत्या? त्यांची चौकशी किती दिवसांनी झाली?
(आ) शाळेच्या वाटेवरील धोक्याची ठिकाणे कोणती? त्यांचा नकाशा मुलांकडून काढून घेतला आहे काय?
(इ) आपल्या शाळेतील सर्वांत लहान मुलाला काही सांगावयाचे असल्यास ते कोणाकडे जाईल? हे त्या मुलालाच विचारून पाहिले आहे काय?