बाटलीत कोंडलेला सुगंध

घरातले औषधांचे फडताळ उघडून पाहा. सर्दीसाठी निलगिरीचे तेल, दातदुखीसाठी लवंगेचे तेल, पोटदुखीसाठी अमृतधारा, यांपैकी एखादी तरी बाटली तेथे सापडेलच. आता तिचे झाकण न्याहाळा. बहुधा ते चिकट झालेले असेल, लेबलावरील अक्षरे पसरली असतील, आणि झाकणाला रबरी ड्रॉपर असल्यास त्याचा फुगा सुजून मऊ पडलेला असेल. शेजारच्या खोबरेल तेलाच्या बाटलीचे मात्र असे हाल झालेले नसतात. दोन्हींना आपण तेलच म्हणतो. मग हा फरक का?

याचे उत्तर टीपकागदावर मिळते. एका टीपकागदावर थोड्या थोड्या अंतरावर निलगिरीचा, लवंगेचा आणि खोबरेल तेलाचा एकेक थेंब टाका आणि कागद सावलीत टांगून ठेवा. सुरुवातीला तिन्ही डाग सारखेच तेलकट दिसतील. काही तासांत निलगिरीचा डाग नाहीसा होईल, लवंगेचा बराच वेळ रेंगाळेल, खोबरेलाचा मात्र आठवड्यानंतरही तसाच राहील. खोबरेल, तीळ, करडई यांची तेले म्हणजे स्निग्धाम्ले व ग्लिसरीन यांपासून झालेली जड रेणूंची संयुगे. ती ‘स्थिर तेले’ होत. निलगिरी, लवंग, पुदिना, गवती चहा यांतील सुगंधी द्रव्यांचे रेणू लहान व हलके असतात आणि ते सहज हवेत निसटतात. म्हणून त्यांना ‘बाष्पनशील तेले’ म्हणतात. वनस्पतीतून ती काढण्यासाठी वाफेच्या साहाय्याने ऊर्ध्वपातन करतात. आपल्या खानदेशात रोशा गवतापासून असे तेल काढण्याचा धंदा फार जुना आहे. हे तेल पूर्वी मुंबई बंदरातून तुर्कस्तानकडे जाई आणि तेथे महागड्या गुलाबाच्या अत्तरात भेसळीसाठी वापरले जाई!

जे सहज निसटते ते कोंडून ठेवणे अवघड, हे उघडच आहे. पण उडून जाणे हा बाष्पनशील तेलांचा एक दोष झाला, आणि तो दिसणारा आहे. दुसरा दोष न दिसणारा असून अधिक घातक आहे. तो मला कसा कळला ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी नागपूरच्या एका स्नेह्यांनी मला संत्र्याच्या सालीचे तेल दिले होते. शंभर मिलिलिटरची पांढऱ्या काचेची बाटली. वास असा की खोलीत कोणी ताजे संत्रे सोलले आहे असे वाटावे. मी ती खिडकीतल्या फळीवर ठेवली. पाहुण्यांना हुंगायला देण्यासाठी ती वारंवार उघडली जाई. वर्षभराने तळाशी जेमतेम दहा मिलिलिटर तेल उरले होते. ते किंचित दाट झाले होते आणि त्याला संत्र्याऐवजी रंगाऱ्याच्या दुकानासारखा वास येत होता. टाकून द्यायला जिवावर आले, म्हणून ते खोबरेलात मिसळून माझ्या पुतणीने हाताला चोळले. दुसऱ्या दिवशी तिचे मनगट लाल होऊन त्यावर बारीक पुरळ उठले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला तो असा : “तेल किती जुने होते?”

प्रश्न नेमका होता. संत्र्याच्या सालीच्या तेलात ९० टक्क्यांहून अधिक भाग लिमोनीन या द्रव्याचा असतो. त्याच्या रेणूत दहा कार्बन व सोळा हायड्रोजन अणू असतात आणि दोन ठिकाणी द्विबंध असतात. द्विबंधाच्या शेजारची जागा ऑक्सिजनच्या हल्ल्याला सोपी. तेथे ऑक्सिजनचा रेणू चिकटला की हायड्रोपेरॉक्साइड नावाची संयुगे तयार होतात. शुद्ध, ताजे लिमोनीन त्वचेला फारसा त्रास देत नाही. ही हायड्रोपेरॉक्साइडे मात्र अनेकांच्या त्वचेवर अधिहर्षता, म्हणजे ॲलर्जी, निर्माण करतात. स्वीडनमधील संशोधकांनी या गोष्टीचा विशेष अभ्यास केला आहे. टर्पेंटाइन वापरणाऱ्या रंगाऱ्यांच्या हातांना होणारा इसब याच जातीचा. म्हणजे तेल जुने झाल्याने केवळ त्याचा वास बिघडत नाही, तर ते दुसरेच द्रव्य होऊ लागते.

आता थोडे गणित करू. माझ्या बाटलीत शेवटी १० मिलिलिटर तेल आणि ९० मिलिलिटर हवा होती. हवेचा सुमारे एकपंचमांश भाग ऑक्सिजन, म्हणजे जवळजवळ १९ मिलिलिटर. खोलीच्या तापमानाला एक ग्रॅम-रेणू वायू सुमारे साडेचोवीस लिटर जागा व्यापतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. लिमोनीनचा रेणुभार १३६ आणि १० मिलिलिटरचे वजन सुमारे ८.४ ग्रॅम. हिशेब केल्यास असे दिसते की बाटलीतला सगळा ऑक्सिजन खर्ची पडल्यास दर ८० रेणूंपैकी एक रेणू बिघडेल. झाकण उघडले की नवी हवा आत शिरते आणि हिशेब पुन्हा सुरू होतो. तेच तेल लहान बाटलीत काठोकाठ भरून वर फक्त अर्धा मिलिलिटर हवा ठेवली असती तर? तर सुमारे चौदा हजारांत एक! (आकडेमोड स्वतः करून पाहावी.) तेल जसजसे संपत जाईल तसतसे ते अधिकाधिक लहान बाटलीत ओतावे, हा साधा नियम या गणितातून निघतो. लहान बाटली नसेल तर काचेच्या गोट्या धुऊन, पूर्ण कोरड्या करून आत सोडाव्यात. तेलाची पातळी वर येते व हवेला जागा उरत नाही. जुने छायाचित्रकार आपली रसायने हवेपासून वाचवण्यासाठी हीच युक्ती करीत.

हवेच्या जोडीला उजेड आणि उष्णता आले की काम झपाट्याने होते. रासायनिक क्रियेचा वेग तापमान १० अंशांनी वाढले की साधारणतः दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. ३८ अंश सेल्सिअस तापमानाच्या फळीवरील बाटली ८ अंशांच्या शीतकपाटात ठेवली, तर ३० अंशांचा फरक पडतो. म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठपट मंद. उजेडातील जांभळे व अतिनील किरण रेणूतील बंध तोडून या क्रियेला तोंड फोडून देतात. तपकिरी काच नेमके हेच किरण शोषून घेते. ही काच बनवताना तिच्यात लोह व गंधक यांचा अंश असतो, त्यामुळे तिला तो रंग येतो. निळी काच दिसायला सुंदर. पण निळा-जांभळा प्रकाश ती आत सोडते, तेव्हा शोभेपलीकडे तिच्यावर भिस्त ठेवू नये.

सगळीच तेले सारखी नाजूक नसतात. निलगिरीच्या तेलातील मुख्य द्रव्य सिनिओल. त्याच्या रेणूत द्विबंधच नाही. त्यामुळे बंद बाटलीत निलगिरी चांगली टिकते. लवंगेतील युजेनॉल तर स्वतःच ऑक्सिडीकरणाला विरोध करणारे द्रव्य आहे. तेल काळपटते, पण लवकर कुजट होत नाही. लोखंडाशी मात्र त्याची गाठ घालू नये, रंग फार गडद होतो. चंदन व वाळा यांची तेले वर्षानुवर्षे राहतात. संत्रे, लिंबू व देवदारूवर्गातील झाडे यांच्या तेलांना मात्र शीतकपाटाची गरज आहे. तेथे ठेवताना बाटली घट्ट झाकणाच्या डब्यात घालावी, नाही तर लोणी आणि सायीला संत्र्याचा वास लागतो, कारण ही तेले स्निग्ध पदार्थांत सहज विरघळतात. (आमच्या घरी एकदा असे तूप झाले होते. ते कोणी खाल्ले नाही.) बाहेर काढल्यावर बाटली लगेच उघडू नये. ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, म्हणजे हवेतील दमटपणाचे थेंब आत जमणार नाहीत. थंडीत बडीशेपेचे किंवा गुलाबाचे तेल गोठल्यास घाबरण्याचे कारण नाही; कोमट पाण्यात बाटली धरली की ते पूर्ववत होते.

अमृतधारेची गंमत याच्या उलट आहे. कापूर, पुदिन्याचे फूल आणि ओव्याचे फूल हे तिन्ही स्फटिकरूप घन पदार्थ. पुदिन्याचे फूल, म्हणजे मेंथॉल, सुमारे ४२ अंशांना वितळते. ओव्याचे फूल, म्हणजे थायमॉल, सुमारे ५० अंशांना. कापूर तर १७५ अंशांच्या पुढे. तरीही तिन्ही समभाग एकत्र करून ठेवले की काही वेळात त्यांचे पाणी होते! मिश्रणाचा द्रवणांक घटकांच्या द्रवणांकांहून खाली येतो, त्याचे इतके झटपट उदाहरण दुसरे मिळणे कठीण. शिक्षकांनी हा प्रयोग काचेच्या बशीतच करावा. प्लास्टिकची बशी नको.

प्लास्टिक का नको, हे मला प्रवासाने शिकवले. एका मे महिन्यात एस. टी.ने येताना मी पिशवीत संत्र्याच्या तेलाची लहान बाटली ठेवली होती. ती किंचित झिरपली. घरी येऊन पाहतो तो पारदर्शक फूटपट्टी वहीच्या पुठ्ठ्याला चिकटून बसलेली आणि तिच्यावरचे आकडे पुसट झालेले. ती फूटपट्टी पॉलिस्टायरीनची होती, आणि लिमोनीन हे पॉलिस्टायरीनचे उत्तम द्रावक आहे. थर्मोकोलही पॉलिस्टायरीनच. संत्र्याची साल थर्मोकोलच्या तुकड्यावर पिळली तर तेथे खड्डा पडतो, हे कोणीही पाहू शकेल. पॉलिथिनची पिशवी किंवा बाटली विरघळत नाही, पण सुगंध शोषून घेते व हळूहळू बाहेर सोडते. रबराचा फुगा का सुजतो, हेही आता कळले असेल. म्हणून बाटली काचेची, झाकण आट्यांचे, आणि ड्रॉपर फक्त वापरण्यापुरता.

पण बाटली झिरपली का? घरी तर ती झिरपत नव्हती. याला दोन कारणे आहेत. सेंद्रिय द्रव तापले की बरेच प्रसरण पावतात. २० अंशांचे तेल ५० अंशांवर गेले की आकारमान सुमारे तीन टक्के वाढते. काठोकाठ भरलेल्या बाटलीत या वाढीला जागाच नसते. दुसरे कारण हवेचा दाब. महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे १५ टक्के कमी असतो. घाट चढताना वेफरच्या पुड्या टम्म फुगतात त्या यामुळेच. विमानातील दाब तर याहूनही कमी असतो. बाटली आडवी असली की आतली फुगणारी हवा तेलालाच झाकणाबाहेर ढकलते. तेव्हा घरी ठेवताना काठोकाठ, पण प्रवासात थोडी जागा सोडून भरावे. बाटली उभी ठेवावी, भोवती जुने सुती फडके गुंडाळून पत्र्याच्या डबीत घालावी. जेवणाच्या डब्याशेजारी नको. आंतरराष्ट्रीय विमान प्रवासात अनेक विमानतळांवर हातातल्या पिशवीतून १०० मिलिलिटरहून मोठी बाटली नेऊ देत नाहीत. ५ किंवा १० मिलिलिटर तेल कोणत्याही प्रवासाला पुरते.

उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत मात्र ही बाटली कधीही ठेवू नये. बंद मोटारीत तापमान ६० अंशांच्या वर जाऊ शकते. निलगिरी व संत्रे यांच्या तेलांवरील बाष्प सुमारे ५० अंशांनाच ठिणगीने पेट घेऊ शकते; या बाबतीत ती रॉकेलच्या पंगतीला बसणारी आहेत. मेणबत्तीच्या ज्योतीजवळ संत्र्याची साल दुमडून पिळली की तडतड ठिणग्या उडतात, त्या या तेलाच्याच. हा प्रयोग मोठ्या माणसांसमोर, चेहरा दूर ठेवूनच करावा.

आणखी एक गोष्ट, आणि ती या लेखातील सर्वांत महत्त्वाची. निलगिरीचे तेल किंवा कापूर पोटात गेल्यास लहान मुलांना झटके येऊन जिवाला धोका होऊ शकतो. निलगिरीच्या बाबतीत चहाच्या एका चमच्याइतके प्रमाणही धोक्याचे ठरते. खोकल्याच्या औषधाची बाटली आणि निलगिरीची बाटली शेजारीशेजारी असतात, रात्री दिवा न लावता चमचा भरला जातो, आणि अनर्थ होतो. तेव्हा ही तेले पोटात घ्यायच्या औषधांच्या कप्प्यात ठेवूच नयेत. ती वेगळ्या, कुलूपबंद किंवा लहान मुलांच्या हाताला न लागणाऱ्या जागी असावीत. बाटलीवर पेन्सिलीने लिहिलेले लेबल लावावे. शाई तेलाने विरघळते, पेन्सिलीचे ग्रॅफाइट विरघळत नाही. नाव, उघडल्याची तारीख आणि ‘पोटात घेऊ नये’ एवढे पुरे. चुकून कोणी प्यालेच तर उलटी करवण्याच्या खटपटीत न पडता, बाटली बरोबर घेऊन, ताबडतोब रुग्णालय गाठावे.

शेवटी तुमच्यासाठी एक प्रयोग. कापूर उडून जाऊ नये म्हणून त्याच्या डबीत मिरे किंवा लवंगा टाकण्याची पद्धत अनेक घरांत आहे. बंद डबीतली हवा कापराच्या बाष्पाने संपृक्त झाली की कापूर आणखी उडू नये. मग हे काम मिरे करतात की झाकण? चार सारख्या डब्या घ्या. दोन घट्ट झाकणाच्या, दोन सैल झाकणाच्या. प्रत्येक जोडीतील एकीत मिरे टाका, दुसरीत नको. प्रत्येकीत दहा ग्रॅम कापूर शाळेच्या तराजूवर नीट तोलून घाला आणि दर शनिवारी फक्त कापराचे वजन घेऊन तक्ता भरा. दोन महिन्यांनी तक्ता आमच्याकडे पाठवा.