'फॅण्टम' म्हणजे भूतच का?



भुताला इंग्रजीत 'घोस्ट' म्हणतात हे आपल्याला प्राथमिक शाळेपासून माहीत असते. पुढे निबंधात जरा वजनदार शब्द हवा म्हणून कुणी 'फॅण्टम' लिहितो. शब्दकोशात दोन्हींपुढे 'भूत' असे दिलेले असते, तरी त्यांचा वापर सारखा नाही.

'फॅण्टम'चे स्पेलिंग पी-एच-ने सुरू होते, यावरूनच तो ग्रीक घराण्यातला हे ओळखावे. 'दाखवणे, दिसणे' अशा अर्थाच्या ग्रीक धातूपासून तो निघाला आणि जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. 'फॅन्टसी' आणि 'फिनॉमिनन' हे त्याचेच भाऊबंद. गंमत पुढे आहे. संस्कृतात जिथे 'भ' असतो तिथे ग्रीकमध्ये पुष्कळदा 'फ' येतो; आपला भ्रातृ तिकडे 'फ्राटेर' होतो. त्याच नियमाने हा ग्रीक धातू आपल्या 'भा' म्हणजे प्रकाशणे या धातूचा सख्खा नातेवाईक ठरतो. 'भास' आणि 'आभास' हे शब्द त्याच कुळातले. म्हणजे 'फॅण्टम'ला मराठीत सर्वांत जवळचा शब्द भूत नसून भास आहे!

'भूत' हा शब्द 'भू' म्हणजे असणे, होणे यापासून आला. भूतकाळ, पंचमहाभूते, प्राणिमात्र या सगळ्यांत तोच आहे. पेडण्याच्या पुनवेतला भूतनाथ आपल्याला ठाऊक आहे; त्याच्या नावाचा शब्दशः अर्थ 'भूतांचा स्वामी', आणि त्या भूतांत सगळे जीव येऊ शकतात. भूत म्हणजे जे झाले ते, फॅण्टम म्हणजे जे नुसते दिसते ते.

मग आपला देवचार कोण? आणि वेताळ? डिचोली तालुक्यात आमोण्याला बेताळाचे देऊळ आहे. बेताळ रात्री गावाच्या सीमेवर फिरून राखण करतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून त्याला चामड्याच्या वहाणा वाहण्याची प्रथा गोव्यात आहे. ज्याच्या वहाणा झिजतात त्याला भास कसे म्हणावे? इंग्रजी निबंधात देवचाराला 'फॅण्टम' किंवा 'घोस्ट' म्हटले की गावाचा राखणदार एका फटक्यात घाबरवणारे भूत होतो. अशा वेळी 'देवचार' हाच शब्द ठेवावा आणि पुढे 'गार्डियन स्पिरिट' असा खुलासा करावा. माझ्या मते हे भाषांतरातले अपयश मुळीच नव्हे.

उलट दिशेने एकदा चांगली जोडी जमली होती. ली फॉक यांनी १९३६ साली चित्रकथेत आणलेला 'फॅण्टम' इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी अंकांत 'वेताळ' झाला. तो भूत नव्हताच. बापानंतर मुलगा तोच वेष चढवी, आणि लोकांना वाटे की हा एकच अमर माणूस. जंगलाची राखण करणाऱ्याला वेताळ म्हणणे आपल्याकडे कुणाला खटकले नसते.

आजच्या इंग्रजीत 'फॅण्टम' विशेषण म्हणून अधिक भेटतो. 'फॅण्टम व्होटर' म्हणजे यादीत नाव आहे, पण माणूस नाही. 'फॅण्टम लिंब' हा प्रयोग मात्र नीट समजून घ्या. अमेरिकेतील यादवी युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांवर उपचार करणाऱ्या सायलस वेअर मिचेल या डॉक्टरांनी तो १८७१ मध्ये वापरला. पाय कापलेल्या माणसाला तो पाय अजून आहे असे वाटते, त्याची बोटे दुखतात, पोटरीत गोळा येतो. इथे 'फॅण्टम' आहे तो पाय. दुखणे खरे असते. मेंदूतला त्या पायाचा नकाशा पाय गेल्यावरही शिल्लक राहतो. १९९० च्या दशकात व्ही. एस. रामचंद्रन यांनी आरसा असा ठेवला की शाबूत हाताचे प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी दिसावे, आणि काही रुग्णांच्या वेदना त्याने कमी झाल्या. तेव्हा अपघातात पाय गेलेला शेजारी 'पाय ठणकतो' म्हणाला, तर 'तुला भास होतो' असे त्याला सांगू नका.

आणखी दोन शब्द. 'इल्यूजन'मध्ये समोर काहीतरी असते, आपण ते चुकीचे पाहतो. दोरीचा साप तो हाच. 'हॅल्युसिनेशन'मध्ये समोर दोरीही नसते.

गृहपाठ : 'आजीने सांगितले की रात्री वाट चुकलेल्याला देवचार घरापर्यंत पोचवतो' या वाक्याचे इंग्रजी करा. 'घोस्ट' शब्द वापरायचा नाही.