अंधारातील नेम

द्रोणाचार्यांनी झाडावर एक कृत्रिम पक्षी ठेवून आपल्या शिष्यांची परीक्षा घेतली, ही महाभारतातील कथा तुम्ही ऐकली असेल. युधिष्ठिराला झाड दिसले, जवळ उभे असलेले भाऊ दिसले, स्वतः गुरुजी दिसले. अर्जुनाला मात्र पक्ष्याखेरीज काहीही दिसले नाही. या कथेवरून आपण एकाग्रतेचा बोध घेतो आणि तो योग्यच आहे. परंतु तिरंदाजीच्या मैदानावर कधी कधी एक विलक्षण गोष्ट घडते. लक्ष्याखेरीज दुसरे काहीच दिसेनासे होते आणि त्यामुळेच चांगल्या तिरंदाजाचा हात बिघडतो! असे का होते आणि बिघडलेला हात पुन्हा कसा सुधारतो, हे आता पाहू.

दोन-तीन वर्षे मनापासून सराव केलेली एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणा. तिचे बाण फलकाच्या मध्यावरील पिवळ्या वर्तुळात जाऊ लागले आहेत. सर्वांना तिचे कौतुक वाटते. आणि एके दिवशी काहीतरी बिनसते. ती प्रत्यंचा ओढते, नेम धरू लागते. परंतु नेम मध्यापर्यंत पोहोचतच नाही. तो पिवळ्या वर्तुळाच्या खाली किंवा बाजूस अडतो, जणू कोणी हात धरून ठेवला आहे. कधी याच्या उलट होते. नेम पिवळ्या रंगाला नुसता शिवतो न शिवतो, तोच तिची इच्छा नसताना बोटे सुटतात आणि बाण भलतीकडे जातो. कधी नेम बरोबर लागूनही बोटे सुटतच नाहीत. ती अधिक जोर करते, अधिक बाण मारते. तो दोष कमी न होता वाढतच जातो. अखेर तिचा धीर खचतो.

तिरंदाज या अवस्थेला ‘टार्गेट पॅनिक’ म्हणतात. आपण तिला ‘लक्ष्यभय’ म्हणू. हे भित्रेपणाचे लक्षण नव्हे आणि आळसाचेही नव्हे. नवख्या मुलांप्रमाणे ते निष्णात तिरंदाजांनाही गाठते. किंबहुना, ज्याला आपला नेम चुकू नये अशी फार तळमळ असते, त्याला त्याचा धोका अधिक. म्हणून अशा विद्यार्थ्यास ‘घाबरट’ म्हणून हिणवणे हा त्याच्यावर अन्याय होय.

याचे कारण समजणे कठीण नाही. बाण मारताना दोन कामे करावयाची असतात: नेम धरणे आणि बाण सोडणे. ही कामे निराळी आहेत. नेम स्थिरावला, पाठीच्या स्नायूंचा ताण पूर्ण झाला, म्हणजे बाण सुटावा. परंतु हजारो वेळा नेम लागताच बाण सोडल्याने मनात या दोन कामांची गाठ बसते. ‘पिवळे दिसले की सोड’ अशी शरीराला सवय जडते. त्यातच ‘चुकलो तर?’ ही धास्ती मिसळते. मग डोळ्याने पाहण्याचा अवकाश की हात पळू लागतो. आणि हात पळेल या भीतीने मन नेमालाच मध्यावर येऊ देत नाही.

असे केवळ तिरंदाजांचे होते असे नाही. इंग्लंडचा एरिक ब्रिस्टो हा हाताने छोटे बाण फेकण्याच्या ‘डार्ट्स’ या खेळात पाच वेळा विश्वविजेता झाला होता. या खेळात त्याचा हातखंडा होता. त्याच माणसाच्या बोटांतून पुढे बाण सुटेनासा झाला. तो चिकाटीने खेळत राहिला आणि विश्वस्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत अनेकदा पोहोचला. परंतु १९८६ नंतर ते विजेतेपद त्याला पुन्हा लाभले नाही. यावरून हे दुखणे किती चिवट आहे ते दिसते.

मग यावर उपाय काय? तो सांगण्यापूर्वी अर्जुनाचीच दुसरी एक कथा ऐका. एका रात्री अर्जुन जेवत असता वाऱ्याने दिवा विझला. अंधारातही त्याचा घास बरोबर तोंडात जात होता. सवयीने हात आपली वाट जाणतो, हे त्याने ओळखले आणि त्या दिवसापासून तो रात्रीच्या काळोखात शरसंधानाचा अभ्यास करू लागला. त्याच्या प्रत्यंचेचा टणत्कार ऐकून द्रोणाचार्य तेथे आले आणि त्यांनी शिष्याला प्रेमाने जवळ घेतले. महाभारतात ही कथा पक्ष्याच्या परीक्षेच्या आधी येते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. हात आधी अंधारात तयार झाला. पक्षी नंतर आला.

आजचे प्रशिक्षकही याच वाटेने जातात. ते प्रथम लक्ष्यच दूर करतात. फलकावरील रंगीत कागद काढून टाकतात आणि तिरंदाजाला पेंढ्याच्या कोऱ्या भाऱ्यासमोर दोन-तीन पावलांवर उभे करतात. तेथे गुण नाहीत, वर्तुळे नाहीत. म्हणून चुकण्याची भीतीही नाही. प्रशिक्षक शेजारी असताना तिरंदाज डोळे मिटून बाण सोडतो. पाय कसे रोवले आहेत, खांदा खाली आहे का, पाठ ताणली जाते का, बोटे सैल होतात का, एवढेच तो अनुभवतो. हा क्रम कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे चालतो.

दुसरी पायरी याहून कठीण आहे. आता लक्ष्य समोर असते; परंतु बाण सोडावयाचा नसतो. प्रत्यंचा ओढावी, नेम मध्यावर स्थिर करावा, काही क्षण थांबावे आणि बाण न सोडता प्रत्यंचा हळूहळू पूर्ववत आणावी. बाणाशिवाय ताणलेली दोरी मात्र कधीही सोडू नये. तिने धनुष्य मोडते व इजा होते. या अभ्यासाने ‘दिसले की सोड’ ही गाठ सुटू लागते. न सोडलेला बाण म्हणजे पराभव नव्हे, हे मनाला पटते. त्यानंतर मोठे लक्ष्य, थोडे अंतर. मग लहान लक्ष्य, अधिक अंतर, असे पुढे जावयाचे. भीती पुन्हा डोकावली तर लाज न बाळगता एक पायरी मागे यावयाचे.

मागे येण्याची ही कला मनालाही शिकवावी लागते. बोरिवलीहून खाडी ओलांडून गोराईस गेले की ग्लोबल विपश्यना पॅगोड्याचा सोनेरी घुमट दिसतो. त्याचे उद्घाटन २००९ साली झाले. दगडात दगड गुंतवून बांधलेल्या या घुमटाखाली एकही खांब नाही आणि सुमारे आठ हजार माणसे तेथे एकत्र बसू शकतात. तेथे धनुष्य कोणी हाती घेत नाही. ‘आनापान’ नावाचा एक साधा अभ्यास तेथे शिकवतात: येणारा श्वास जाणावा, जाणारा श्वास जाणावा, मन भरकटले तर स्वतःवर न रागावता त्याला पुन्हा श्वासाकडे आणावे. तिरंदाजालाही हेच हवे असते. मन पदकाकडे धावले, मागच्या चुकीकडे धावले, तर त्याला रागावून उपयोग नाही. हातातील एका बाणाकडे त्याला परत आणावे लागते.

ज्याचे रूप उत्तम आहे अशी तिरंदाजी पाहावयाची असेल, तर ५ ऑगस्ट २०२३ हा दिवस आठवावा. जर्मनीतील बर्लिन येथे जागतिक स्पर्धेत कंपाउंड धनुष्याचे अंतिम सामने होते. लक्ष्य ५० मीटरांवर. दहा गुणांचे वर्तुळ अवघे ८ सेंटीमीटर व्यासाचे, म्हणजे चहाच्या बशीहूनही लहान. साताऱ्याच्या १७ वर्षांच्या अदिती स्वामीने १५ बाणांत १५० पैकी १४९ गुण मिळवून विश्वविजेतेपद पटकावले. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने १५० पैकी १५० गुण मिळवले. दोघांनीही सातारा येथे प्रवीण सावंत यांच्याकडे प्रशिक्षण घेतले होते. ओजसच्या प्रतिस्पर्ध्याचे गुण १४९ होते. ओजसचा एकच बाण नवाच्या वर्तुळात सरकता, तर बरोबरी झाली असती! अशा वेळी पंधरावा बाणही पहिल्या बाणासारखाच, त्याच क्रमाने, त्याच शांतपणे सोडावा लागतो.

तुमच्या हाती कदाचित धनुष्य येणार नाही. परंतु लक्ष्यभय येईल. पाठ असलेली कविता वर्गासमोर आठवेनाशी होईल. सोडवता येणारे गणित परीक्षेत अडेल. अशा वेळी स्वतःला दोष देत अधिक जोर करू नका. गुणांचा कागद क्षणभर दूर ठेवा, एक पायरी मागे या आणि हाताला त्याचे काम पुन्हा शिकवा. दिवा विझला तरी घास चुकत नाही, इतका हात बसला म्हणजे पक्ष्याचा डोळा आपोआप दिसू लागतो.

शब्दार्थ

प्रत्यंचा – धनुष्याची दोरी. शरसंधान – बाणाने नेम साधणे. निष्णात – तरबेज. टणत्कार – ताणलेली दोरी सुटताना होणारा आवाज.

स्वाध्याय

१. लक्ष्यभयाची तीन लक्षणे सांगा.
२. नेम धरणे आणि बाण सोडणे या दोन कामांची गाठ बसल्याने काय होते?
३. दिवा विझल्याच्या प्रसंगावरून अर्जुन काय शिकला?
४. ‘न सोडलेला बाण म्हणजे पराभव नव्हे’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा: धीर खचणे, हातखंडा असणे, हात बसणे.
६. येत असलेली गोष्ट ऐन वेळी न जमल्याचा प्रसंग व त्यातून तुम्ही काढलेला मार्ग यांविषयी दहा ओळी लिहा.