तातडीने दुबईला निघालात? आधी कामाचा पत्ता, मग खोली

वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीतील मसाला, सुका मेवा किंवा फळांच्या व्यापाऱ्याला दुबईचे बोलावणे सवडीने येत नाही. माल अडकतो, नमुना नापसंत होतो, रक्कम थकते आणि दोन-चार दिवसांत निघावे लागते. तिकिटाची धावपळ सगळे करतात. मुक्कामाचा प्रश्न मात्र शेवटच्या संध्याकाळवर ढकलला जातो. मग जी खोली सर्वांत स्वस्त दिसेल ती घेतली जाते. पुष्कळ दौऱ्यांचे नुकसान इथूनच सुरू होते, असे आमचे मत आहे. घाईतही हा निर्णय नीट कसा घ्यावा, हे आपण क्रमाने पाहू.

काम कोणत्या भागात आहे?

दुबई हे एकाच बाजाराचे शहर नाही. मसाले, सुका मेवा व कडधान्याची घाऊक उलाढाल खाडीकाठच्या देरा भागात, अल रास परिसरात चालते. सोने बाजार तेथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. फळे व भाजीपाल्याचा मध्यवर्ती बाजार मात्र २००४ पासून शहराबाहेरच्या अल अवीरला आहे. प्रदर्शनांची जागा आणखी वेगळी. गल्फूड हे खाद्यपदार्थांचे मोठे प्रदर्शन २०२६ च्या जानेवारीअखेर वर्ल्ड ट्रेड सेंटर आणि एक्स्पो सिटी अशा दोन ठिकाणी भरले, आणि ही दोन ठिकाणे एकमेकांपासून बरीच दूर आहेत.

म्हणून मसालेवाल्याने देरात उतरावे. विमानतळाच्या टर्मिनल १ व ३ वरून मेट्रोच्या लाल मार्गाने युनियन स्थानक आणि तेथून हिरव्या मार्गाने अल रास, असा सरळ प्रवास आहे. खाडीपलीकडे बर दुबईत उतरले तरी अबरा नावाच्या होडीने देरा गाठता येते. आंबा किंवा डाळिंबाच्या व्यापाऱ्याला मात्र देरा सोयीचे नाही. फळबाजाराची गडबड पहाटेची असते आणि अल अवीरला अजून मेट्रो पोहोचलेली नाही. त्याने इंटरनॅशनल सिटीच्या बाजूला खोली पाहावी. टर्मिनल २ ला मेट्रो स्थानक नाही आणि मेट्रो रात्रभर चालत नाही, हेही तिकिटावरील टर्मिनल व वेळ पाहून ध्यानात घ्यावे. सोबत नमुन्यांची खोकी असतील तर टॅक्सीचा खर्च धरूनच चालावे, कारण मेट्रोत एक मोठी व एक लहान अशाच दोन बॅगा नेता येतात.

लिहिलेला दर आणि खरा खर्च

हॉटेलचा जाहीर दर हा पुष्कळदा पूर्ण दर नसतो. त्यावर बहुधा १० टक्के सेवा आकार, ७ टक्के पालिका शुल्क व २०१८ पासून ५ टक्के व्हॅट लागतो. शिवाय २०१४ पासून दर खोलीमागे दर रात्री हॉटेलच्या दर्जाप्रमाणे ७ ते २० दिरहम पर्यटन शुल्क आहे. म्हणजे २०० दिरहमची तीन तारांकित खोली हाती येईपर्यंत सुमारे २५५ दिरहमची होते. "सर्व करांसह किती?" हे विचारल्याशिवाय दोन दरांची तुलना करू नये.

शारजा स्वस्त म्हणून अनेकजण तिकडे वळतात. समजा, तेथे करांसह १६० दिरहमला खोली मिळाली आणि देरापर्यंत टॅक्सीला जाता-येता १२० दिरहम लागले. बेरीज २८० झाली, म्हणजे देरातल्या खोलीपेक्षा २५ दिरहम जास्तच. दुबईची मेट्रो शारजाला जात नाही आणि सकाळ-संध्याकाळी रस्त्यावर वाहनांची प्रचंड कोंडी असते. दोन दिवसांच्या दौऱ्यात रोजचे तीन तास रस्त्यात गेले, तर त्या वेळेची किंमत कोणी धरायची? मात्र मुक्काम आठवड्याचा असेल किंवा काम शारजातच असेल, तर हा हिशेब उलटा होऊ शकतो.

व्हिसा आणि आरक्षण

२०२४ च्या अखेरीस दुबईने पर्यटन व्हिसाचे नियम कडक केले. परतीचे तिकीट व मुक्कामाचा पुरावा मागितला जाऊ लागला आणि आपल्याकडचे अनेक अर्ज फेटाळले गेले. काही दलाल केवळ अर्जापुरते खोटे आरक्षण जोडून देतात. त्या मार्गाने जाऊ नये. ते फसवणुकीत मोडते आणि पकडले गेल्यास तिकिटाचे पैसेही बुडतात. फुकट रद्द करता येणारे खरे आरक्षण घ्यावे आणि हॉटेलला स्वतः फोन करून आपले नाव नोंदले आहे का ते विचारावे. व्हिसा हाती येईपर्यंत परत न मिळणारी रक्कम भरू नये. परदेशात कार्डाने पैसे देताना रुपयांऐवजी दिरहमचा पर्याय निवडावा आणि कार्डाची बाकी मुदतीत फेडावी, म्हणजे व्याजाचा डाग लागणार नाही.

नातेवाइकांकडे उतरावे काय?

तळोजा, पनवेलपासून म्हसळा-श्रीवर्धनपर्यंत आपल्या किती घरांतील मुले दुबईत आहेत! म्हणून "भाच्याकडे उतरू" हा विचार सहज येतो. पण भाचा देरात एका खोलीत पाच-सहा जणांसोबत राहत असेल, तर त्याच्यावर काय प्रसंग येतो हे पाहावे. एका घरात किती माणसे राहावीत यावर तेथे निर्बंध आहेत व तपासण्याही होतात. व्हिसासाठी त्याचे ओळखपत्र व भाडेकरार लागू शकतो. करार त्याच्या नावावर नसेल तर मोठीच अडचण. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पाहुणचाराचा हक्क तीन दिवसांचा सांगितला आणि यजमानाला अडचणीत टाकेपर्यंत राहू नये असेही बजावले. भाच्याला भेटावे, सोबत जेवावे, झोपायला आपल्या खोलीवर यावे. आठवडाभरासाठी सदनिका भाड्याने घ्यायची झाल्यास ती परवानाधारक आहे ना, हे पाहावे. २०१३ च्या हुकमाप्रमाणे दुबईत अशा घरांना परवाना सक्तीचा आहे.

नमाज, आहार आणि वातावरण

मुस्लिम देश आहे म्हणून सर्वच हॉटेले आपल्याला साजेशी असतील, असे नाही. दुबईतील अनेक हॉटेलांत मद्यालये आहेत. मद्य न देणारे हॉटेल हवे असे स्पष्ट विचारावे. अशी हॉटेले देरात मिळतात. शारजात तर मद्यविक्रीच बंद आहे. मशीद बहुधा जवळ असतेच. २०२२ पासून दुबईत शनिवार-रविवार सुट्टी व शुक्रवारी अर्धा दिवस काम असते. शारजात शुक्रवार ते रविवार सुट्टी. गुरुवारी रात्री पोहोचणाऱ्याने सुट्ट्यांच्या रात्रींचे भाडे विनाकारण तर भरत नाही ना, हे तपासावे.

निघण्यापूर्वी एका कागदावर पाच गोष्टी लिहाव्यात : कामाचा पत्ता, विमान पोहोचण्याची वेळ, करांसह भाडे, रोजचा वाहनखर्च आणि आरक्षण रद्द करण्याची मुदत. विमान पहाटे उतरत असेल तर खोली बहुधा दुपारी दोनला मिळते. तोवर सामान ठेवता येईल का, अनामत किती, हेही विचारावे. दहा मिनिटांचे हे काम आहे. व्यापारात पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या आपल्या बंधूंनी मुक्कामाचाही हिशेब असाच मांडला, तर घाईचा दौराही इन्शाअल्लाह तोट्याचा ठरणार नाही.