भाड्याची ड्रेपरी : नफा कितव्या फेरीला?

व्हिडिओत करी रोडच्या माझ्या दुकानातलं कपाट तुम्ही पाहिलंत. आता वही घ्या, हिशेब करू.

समजा, मावळ्याचा एक सेट (अंगरखा, सुरवार, पगडी, शेला, ढाल-तलवार) २,४०० रुपयांना पडला. एका फेरीचं भाडं ३००. त्यातून धुलाई ७० आणि दुरुस्ती ३० गेली की उरले २००. म्हणजे बाराव्या फेरीला नुसतं भांडवल सुटतं, नफा तेराव्यापासून.

फेऱ्या कुठून येतात? १९ फेब्रुवारीची शिवजयंती, गिरगावची पाडव्याची शोभायात्रा, गणपतीतले जिवंत देखावे, शाळांची गॅदरिंग. पण एका दिवशी एक सेट एकदाच कमावतो!

मी इथेच फसलो. पहिल्या पाडव्याची गर्दी बघून एकसारखे ३० सेट शिवले. सण संपला आणि २२ सेट वर्षभर कपाटात. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला. आता दहाच ठेवतो. जास्त लागले तर दुसऱ्या ड्रेपरीवाल्याकडून कमिशनवर आणतो. कॉसप्लेवाल्यांचं पात्र दरवेळी वेगळं, म्हणून ते ऑर्डर आणि ॲडव्हान्स आल्यावरच.

रंगभूषेचे पैसे वेगळे लावा. दाढी-मिशीचा स्पिरिट गम आदल्या दिवशी कानामागे लावून बघा. पुरळ आलं तर गिऱ्हाईक कायमचं जातं.

गृहपाठ : एक पात्र निवडा. वर्षात त्याच्या तेरा फेऱ्या कुठल्या, तारखेसकट लिहा. तेरा भरत नसतील, तर कापड घेऊ नका.