आधी पिल्लाचे दात बघा

दिवाळीची सुटी लागली की दवाखान्यात बुटांच्या खोक्यांतून पिल्लं यायला लागतात. "डॉक्टर, दोन महिन्यांचं आहे, विकणाऱ्याने सांगितलंय." मी ओठ वर करून बघतो. पुढचे दात तांदळाच्या कणीएवढे, दाढा हिरडीतून नुकत्या डोकावताहेत. म्हणजे पिल्लू फार तर पाच आठवड्यांचं. दोन महिन्यांच्या पिल्लाला दुधाचे 28 दात आलेले असतात. पण हे सांगून काय उपयोग? मुलांनी तोवर नाव ठेवलेलं असतं.

पिल्लू आठ आठवडे पूर्ण झाल्याशिवाय घरी आणू नका. दहा झाले तर आणखी बरं. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांबाबतचे केंद्राचे 2017 चे नियमही आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू देत नाहीत. तरी विकतात, कारण महिन्याचं पिल्लू गोंडस दिसतं आणि पुढच्या खाण्याचा खर्च वाचतो.

"लवकर आणलं की लळा लागतो" ही समजूत मला रोज खोडावी लागते. तिसऱ्या आठवड्यानंतर पिल्लं एकमेकांच्या अंगावर लोळत दंगा करतात. एकाने दुसऱ्याचा कान जोरात चावला की ते केकाटतं आणि खेळ मोडतं. दात किती रुतवायचे, ते पिल्लू असं शिकतं. ही शाळा अर्धवट सुटली, तर उरलेले धडे ते तुमच्या मनगटावर गिरवतं.

लसींचंही वयाशी नातं आहे. आईच्या चिकाच्या दुधातून मिळालेलं संरक्षण काही आठवड्यांत ओसरतं. कुणाचं लवकर, कुणाचं उशिरा. ते असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईस्तोवर डोस द्यायचे. एक सुई टोचून "लस झाली" म्हणू नका. रेबीजची लस तीन महिन्यांनी. मधल्या काळात उलट्या आणि रक्ताचे जुलाब दिसले, तर तो पार्वो असू शकतो. सकाळची वाट बघू नका.

तरी पिल्लाला कोंडून ठेवू नका. साधारण चौदा आठवड्यांपर्यंतच त्याची भीड चेपते. कडेवर घेऊन रिक्षाचा आवाज, छत्री, पाहुणे, कुकरची शिट्टी सगळं दाखवा. फक्त भटकी कुत्री फिरतात तिथे खाली सोडू नका.

रस्त्यावरचं पिल्लू एकटं दिसलं म्हणून लगेच उचलू नका. आई बहुतेक वेळा अन्न शोधायला गेलेली असते. काही तास लांबून बघा.

आणि पिल्लाचा दात लागला किंवा ओरखडा उठला, तर "लहानच आहे" म्हणून सोडून देऊ नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांना दाखवा.